सतरा नंबरची जागा

१ एप्रिल, मंगळवार
आजपासून मी परभणीकर! बोरीहून निघताना आईने बांधून दिलेले धपाटे एसटीतच संपवले, कारण नोकरी लागली होती आणि आनंद झाला की मला नेहमी भूकच लागते. कॉलेजच्या प्रकल्पात मी सहायक. चार माणसं बंद जागेत बसतात तिथल्या हवेत कोणते जंतू फिरतात, ते मोजायचं. बँक, दवाखाना इतरांनी उचलले. नवी म्हणून माझ्या वाट्याला एक अभ्यासिका आली. तीस खुर्च्या, भरतीचा अभ्यास करणारी पोरं, आणि एसी आल्यापासून खाकी टेप लावून बुजवलेल्या खिडक्या. व्यवस्थापक दिनकरराव अभिमानाने सांगत होते की धुळीचा कण आत येत नाही. बाहेर तरी काय जात असेल, असं मनात आलं.

धाकटी बहीण बबिता मागच्या महिन्यापासून याच अभ्यासिकेतल्या जागेसाठी यादीत आहे. खोली तिच्यासाठीच मोठी घेतली.

२ एप्रिल, बुधवार
काम सोपं आहे. काचेच्या बशीत पोषक जेली असते. दुपारी तासभर ती टेबलावर उघडी ठेवायची, झाकायची, कॉलेजात उबेला ठेवायची. हवेतला जो जीव तिच्यावर पडला, त्याचा दोन दिवसांत ठिपका होतो. माणसं जास्त तितके ठिपके जास्त, आणि रिकाम्या बंद खोलीत बशी जवळजवळ कोरीच राहते. झाकण काढताना तोंड बाजूला करायचं. विसरलं की झाकणावर आपल्याच श्वासाची वाफ धरते. आज मी दोनदा विसरले.

४ एप्रिल, शुक्रवार
गंमतच झाली. सर्वांत जास्त ठिपके सतरा नंबरच्या टेबलावर, आणि तिथे कुणी बसतच नाही! खुर्चीला निळ्या चौकड्यांचा रुमाल बांधलाय. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली रीत, तीच इथेही. कुणाची जागा म्हणून विचारलं तर सगळ्यांनी पुस्तकात माना घातल्या.

झाडणाऱ्या कडूबाईंनी बाहेर ओट्यावर सांगितलं. पेडगावचा बन्सीधर. हिवाळ्यात लय खोकायचा. एक खिडकी उघडा म्हणून हात जोडले, पण धूळ येते म्हणून कुणी ऐकलं नाही. उलट दारावर पाटी आली, ‘खोकणाऱ्यांनी बाहेर बसावे’. बाहेर गेलं तर जागा जाते, म्हणून हाच रुमाल तोंडात कोंबून खोकला दाबायचा. जानेवारीत एकदा टेबलावर डोकं टेकून बसला. पोरांना वाटलं झोपला. संध्याकाळी बघतात तर संपलेला. कडूबाई म्हणाल्या, “समद्यायनी मिळून मारलं बघा त्येला. रुमाल काढायची हिंमत हाय का कुणात?”

पाटी अजून दारावर आहे. मला फार राग आला.

७ एप्रिल, सोमवार
रुमाल मी काढला. पिशवीत बंद करून कॉलेजच्या कपाटात ठेवला. शिकलेल्या माणसाने रुमालाला घाबरायचं म्हणजे हद्द झाली. आणि ती जागा बबिताला मिळवून दिली. दिनकरराव आधी नको म्हणाले, मग माझ्याकडे न बघता त्यांनी तिचं नाव लिहिलं. बबिता इतकी खूश की माझ्या गळ्यातच पडली.

११ एप्रिल, शुक्रवार
बबिताला खोकला. ओढणी तोंडात धरून खोकते, घरीसुद्धा. मोकळी खोक म्हटलं तर हसते. बाकीची पोरं तिच्याकडे बघतात, असं म्हणते.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. सकाळी विहारात वंदना झाली. सगळं गाव निळ्या झेंड्यांनी भरलेलं. बबिता जन्मात पहिल्यांदा आली नाही, अभ्यास राहिलाय म्हणाली. अभ्यासिकेला कुलूप होतं. किल्ली मागून घेतली आणि भर दुपारी रिकाम्या खोलीत तीसही टेबलांवर बशा उघडल्या. तुलनेसाठी. तासभर मी बाहेर ओट्यावर होते. आत कुणी गेलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार
एकोणतीस बशा कोऱ्या. सतरा नंबरची ठिपक्यांनी भरलेली, बोट ठेवायला जागा नाही. बशीवरची नंबराची चिठ्ठी तीनदा तपासली. रिकाम्या खोलीत त्या टेबलाशी तासभर कुणीतरी श्वास घेत होतं.

बबिताला म्हटलं, जाऊ नको. ऐकत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार
दिनकररावांना खिडक्या उघडा म्हणाले. परीक्षा झाल्यावर बघू म्हणतात. बबिताचा खोकला थांबला. जेवतही नाही फारशी. पण खोकला थांबला, हे बरंच ना?

२१ एप्रिल, सोमवार
शनिवारी तिच्यासमोर बशी ठेवली होती. पूर्ण तास ती बशीवर वाकून वाचत होती, मी समोर उभी. आज पाहिली.

कोरी.

एकही ठिपका नाही. तिथे कुणी बसलंच नसल्यासारखी. मीच तिला बसवलं. मी.

२३ एप्रिल, बुधवार, दुपारी
इथूनच लिहितेय. तिला न्यायला आले. टेप ओढली — नखं तुटली, खिडकी हलत नाही. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

बबिताचा हात गार आहे. उठ म्हटलं. उठले की जागा जाते अक्का, म्हणाली. तुझी पण धरून ठेवलीय.

अठरा नंबरला तोच निळ्या चौकड्यांचा रुमाल. तो कपाटात — मी स्वतः कुलूप —

बसले. ती उठेपर्यंतच.

खोकला येतोय. दाबते.

बशीचं झाकण तिच्या तोंडासमोर धरलं. लख्ख. वाफ नाही. पुन्हा धरलं. नाही. बाळा, एकदा तरी श्वास —

माझा खोकला थांबला. बबिता, आता झाकण माझ्या तोंडासमोर धर