राजा फिरून जागेवर आला

तेलावी, ५ मे १९७४

तीर्थरूप दारिकोताईस,
धाकट्या प्लातोनचा सा. न. वि. वि.

डाव शेवटाकडे आला, म्हणून आपली अट पुन्हा लिहितो. मी जिंकलो तर पोती बंदरातल्या त्या ओल कोंदलेल्या खोल्या सोडून तू कायमची माझ्याकडे यायचंस. बरोबरी झाली किंवा तू जिंकलीस, तर मी हा विषय जन्मात काढायचा नाही. भावाकडे आयतं जेवायला यायचं नाही, म्हणून अट तूच घातलीस.

तुझी प्यादी पांढऱ्या घरांत रुतलीत आणि तुझा उंटही पांढऱ्याच घरांतून चालणारा. आपल्याच माणसांनी त्याची वाट अडवलीय. माझा घोडा मात्र मधोमध काळ्या घरात उभा आहे, चौथीच्या कवितेतल्या स्वारासारखा. तरी आत शिरायला वाट सापडत नाही. माझी चाल: राजा एक घर मागे.

वेलींना पालवी फुटलीय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
प्लातोन


पोती, २४ मे

चि. प्लातोन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागे? अरे, पुढे जायचं सोडून? खरं सांगू, पट तसाच असताना चालायची पाळी माझ्यावर असती तर माझी धडगत नव्हती. जे हलवलं असतं ते गेलं असतं. पण पाळी तुझी होती, हे माझं नशीब. आता माझा उंट शेजारच्या घरात जातो. तिथून पुन्हा इथे, इथून पुन्हा तिथे. तो दमत नाही, तू दमशील.

जिंकत आलेला डाव घालवण्यात तुझा हात कोण धरणार? माझ्या लग्नादिवशी बाबांनी आंदण दिलेल्या पटावर आपण बसलो होतो. दारात वाजंत्री आली आणि घाईघाईत तू प्यादं ढकललंस. झाली बरोबरी. तू रडलास, आणि मी सासरी चालले म्हणून रडतोय असं वाटून सासूबाईंनी तुला पोटाशी धरलं.

तेव्हा बरोबरी मान्य कर. आंबट आलुबुखाराच्या चटणीची बरणी सोबत पाठवतेय.

जीव लावून असणारी,
दारिको


तेलावी, १५ जून

ती. ताईस, सा. न.

चटणी संपली. बरोबरी अमान्य.

प्यादं ढकलायला हात शिवशिवत होता, ते लपवत नाही. म्हणून पट तसाच ठेवून मळ्यात गेलो, शाळेतल्या कविता म्हणत वेलींमधून हिंडलो, आणि शांत होऊन परत आलो. माझा राजा एक घर बाजूला.

पत्रात गुडघ्यांबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे दुखतायत.

तुझाच,
प्लातोन


पोती, ६ जुलै

चि. प्लातोन यास, आशीर्वाद.

राजा द्राक्षं वेचायला निघालाय का? शेजारची लियाना म्हणाली, तुमचा भाऊ म्हातारपणी भ्रमिष्ट झाला. मी म्हटलं, छे, तो लहानपणापासून असाच आहे. उंट पहिल्या जागी परत.

काल पाऊस झाला. पलंगाखाली घमेलं ठेवलंय. त्यावरून भलते अर्थ काढू नकोस.

ताई


तेलावी, २९ जुलै

ती. ताईस, सा. न.

राजा तिरका पुढे, मे महिन्यात जिथून निघाला त्याच घरात. तीन पावलं चालून जागच्या जागी. तुझा उंटही जागच्या जागी. पट हुबेहूब तोच आहे, ताई, फक्त चाल आता तुझी आहे.

उंट हलला तर घोडा प्यादं घेतो, कारण आता माझा राजा त्याच्या पाठीशी आहे. तुझा राजा हलला तर माझा राजा आत येतो. हवं तर लियानालाही विचार. मला घाई नाही, हे लिहिताना मलाच नवल वाटतंय.

पूर्वेकडच्या खोलीला चुना दिला. आपला सहजच.

प्लातोन


पोती, ३० ऑगस्ट

चि. प्लातोन यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण महिनाभर वाट शोधत होते. लियाना, टपालवाला, बंदरावरचे म्हातारे, सगळे पटाभोवती बसले. तुझ्या बाजूचं कोणीच नव्हतं, तरी वाट सापडली नाही. शेवटी मीच राजा आडवा केला. टपालवाला म्हणाला की भाऊ भ्रमिष्ट नाही, आणि लियानाला मी जाणार म्हणून रडू फुटलं.

आयतं जेवायला आले नसते. हरून येतेय, त्यात कमीपणा नाही.

द्राक्षतोडणीच्या आत पोचते. आंदणाचा पट मांडीवर घेऊनच गाडीत बसेन. लग्नानंतरचे सगळे डाव टपालानं झाले, त्यामुळे हरताना तुझं तोंड कसं होतं ते विसरलेय. उतरेन त्या संध्याकाळीच बसायचं. पांढरे मोहरे माझे.

खुर्ची उंच ठेव, गुडघे दुखतात.

तुझी,
ताई