चालकाशी बोलू नये

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देईल तेवढाच). तिचा नमस्कार परस्पर तिच्याकडूनच घ्यावा, कारण आठवडाभर ती तुमच्याच घरी आहे. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? वहिनींची कंबर काय म्हणते? इकडे मी अगदी मजेत आहे. दूध रोज उतू जातं, पण त्या निमित्ताने ओटा रोज पुसला जातो.

तिने तिकडे माझ्याबद्दल काय काय सांगितलंय, देव जाणे. तरी माझीही बाजू ऐका. तुम्ही बँकेत होतात, दिवसभर माणसांशी बोलायचाच तुम्हाला पगार होता. मी जन्मभर सिटी बस चालवली, आणि माझ्या डोक्यावर पाटी होती : ‘चालकाशी बोलू नये’. लोक एरवी कुठली पाटी पाळतात हो? थुंकू नये लिहिलं की तिथेच थुंकतात. पण ही एक पाटी साऱ्या शहराने इमानेइतबारे पाळली. गप्पा सगळ्या मागे, कंडक्टरच्या वाट्याला. लोक त्याला मुलींसाठी स्थळं विचारायचे, पेढे द्यायचे. माझ्या वाट्याला फक्त त्याची घंटी : एक वाजली की थांब, दोन वाजल्या की नीघ. (पुढे घरीही आमचं तसंच झालं, असं तुमची बहीण म्हणते. ताट वाजलं की मी जेवायला येतो, भांडी आदळली की बाहेर जातो.)

तर रिटायर झालो आणि बांध फुटला. रिक्षा असो, टॅक्सी असो, बसल्या बसल्या मी चालकाशी बोलायला लागतो. टॅक्सीत तर पुढेच बसतो. सगळेच काही खुशीने बोलतात असं नाही. एकाला मी आपुलकीने क्लचबद्दल विचारलं, तर त्याला वाटलं मी तपासणीवाला साहेब. बिचारा घाईघाईने गणवेशाची बटणं लावत बसला. एक रिक्षावाला मात्र सासूबद्दल असा रंगून बोलू लागला, की दवाखाना आला तरी आम्ही अर्ध्यातच होतो. मी त्याला चौकाला आणखी एक फेरी मारायला लावली. (डॉक्टर निघून गेले, पण सासूचं काय झालं ते कळलं.)

आता त्या दिवसाचं. तिची शाळेपासूनची मैत्रीण कायमची मुलाकडे राहायला निघाली होती. तिला निरोप द्यायला आम्ही टॅक्सीने स्टेशनवर चाललो होतो. मी पुढे, ती मागे. टॅक्सीवाला नवखा आणि ऐकण्यात पटाईत. मी आपला बोलतोय, मधेच हाताने दाखवतोय, इथून डावीकडे घे, इथे जरा हळू. तोही बिचारा प्रत्येक बसस्टॉपवर गाडी बाजूला घेऊन क्षणभर थांबायचा आणि निघायचा. गप्पांच्या नादात मी त्याला माझ्या जुन्या बसच्या मार्गाने नेलं, एकही स्टॉप न चुकवता. गाडी थांबली तेव्हा समोर स्टेशन नव्हतं, डेपो होता. गेटवरच्या वॉचमनने मला सलामसुद्धा ठोकला. तोवर मैत्रिणीची गाडी सुटली होती.

मी म्हटलं, तू मागून काहीच कशी बोलली नाहीस? त्यावर ती जे म्हणाली ते आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, “मी ऐकत होते. रात्री तुमच्या गुडघ्यात कळ येते, हे मला आज कळलं. शेवटच्या दिवशी बस धुताना तुम्ही रडलात, तेही आज कळलं. मी सकाळी गुणगुणते ते तुम्हाला आवडतं, हे त्या पोराला सांगितलंत. मला कधी सांगणार होतात?” एवढं बोलून ती उतरली आणि रिक्षा करून थेट तुमच्याकडे आली. त्या रिक्षावाल्याशीही ती बोलली असेल का, हा विचार मला सारखा छळतो.

दादा, खरं सांगतो, समोर रस्ता असला की मला बोलायला सुचतं. समोर ती असली की नुसतं हूं येतं. घर फार मोठं वाटतंय. तिच्याशिवाय मला करमत नाही.

वहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
बसवाला

ता. क. गॅलरीतल्या दोन्ही खुर्च्या समोरासमोर होत्या. त्या मी रस्त्याकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या आहेत. हे तिला सहज बोलता बोलता सांगावं, मी लिहिलंय असं सांगू नये.

ता. क. आणखी एक. हे पत्र घेऊन जिना चढून आलेला माणूस म्हणजे तोच टॅक्सीवाला. त्याला पाणी द्यावं. वर काय लिहिलंय ते त्याला तोंडपाठ आहे, अडलं तर विचारावं.

ता. क. (अक्षर वाकडं आलंय, कारण हे मांडीवर लिहितोय.) मी खाली गाडीतच बसलो आहे. वर यायचा धीर होत नाही. तिला म्हणावं, या खेपेला मी मागे बसलोय, शेजारची जागा धरून ठेवली आहे, आणि ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी स्वतःच्या हाताने लिहून पुढच्या सीटला लावली आहे. फक्त लवकर पाठवा. इथवर येईपर्यंत ती पाटी दोनदा काढून ठेवली होती.