वेशीवरच्या दगडाचा शाप

दान नगर, तम्मूज महिना

ती. मर्ताताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेले सुके अंजीर तबीताने एकटीने फस्त केले, मला देठसुद्धा ठेवला नाही. तिला आता सातवा लागलाय.

इस्राएलच्या राजाने आपलं गाव जिंकून घेतल्याचं तुझ्या कानावर असेलच. वेशीत आपल्या दमास्कसच्या राजाच्या विजयाचा काळा दगड आहे ना, बाबांनी कोरलेला, तो फोडून तुकडे नव्या भिंतीत घालायचा हुकूम सुटलाय. गावात पाथरवट मी एकटाच. मी म्हटलं, त्यावर शेवटच्या ओळीत शाप कोरलाय, जो राजाचं नाव फोडील त्याचा वंश हदाददेव बुडवील. शिपाई हसला. म्हणाला, तुझा देव हरलाय, आणि अमावास्येच्या आत फोडला नाहीस तर तुझं डोकंच भिंतीत घालू.

पहिलं बाळ पाळण्यातच गेलं, तुला ठाऊक आहे. तबीता दिवसभर पोट धरून बसते. मला घण उचलवत नाही. बाबांनी या शापावर काही उतारा सांगितला होता का?

लोभ आहेच, सोबत थोडा धीरही धाडावा.

तुझा,
इद्री


दमास्कस, तम्मूज महिना

चि. इद्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बाबा म्हणायचे, हदादचा शाप परत फिरत नाही, कुणाला तरी तो घ्यावाच लागतो.

काल मी देवळात गेले. देवाच्या पायाला हात लावून शपथ घेतली, की घण कुणाच्याही हातात असो, दगड फोडणारी मी. पुजारी म्हणाला, बाई, वंश बुडेल. मी म्हटलं, बुडवायला आहे कुठे? नवरा गेला, मूल झालं नाही. जन्मभर वांझ म्हणून घेतलं, त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे.

तेव्हा फोड तो दगड. लहानपणी माझे रांजण फोडायचास तसा, बिनधास्त. मात्र शाप माझ्या दारात येऊन तुझं कोण आहे विचारील, तेव्हा कुणी नाही हे खरं असायला हवं. यापुढे मला ताई लिहू नकोस. बाळाला आत्या आहे असं सांगू नकोस. भीती मलाही वाटते रे, पण माझं मी बघेन.

हे आशीर्वाद शेवटचे. अंजिरांची सोय आता तुमची तुम्ही करा.

मर्ता


दान नगर, तिश्री महिना

दमास्कसच्या मर्ताबाईंस,

ओळख नसताना लिहितो, राग नसावा. तीन महिन्यांमागे इथल्या एका पाथरवटाने वेशीवरचा दगड फोडला. तुकडे भिंतीत गेले. दार वाजलं की तो अजून दचकतो.

त्याला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पोरगी घसा फोडून रडते, दूध मिळालं तरी भांडते. कुणावर गेली ते घरात कुणी बोलत नाही. आई तिला रोज दमास्कसकडे तोंड करून निजवते, विचारलं तर वारा तिकडून येतो म्हणते.

अंजिरांची एक टोपली चुकून आपल्या पत्त्यावर निघाली आहे. ती परत पाठवू नये.

एक पाथरवट