ओल्या कोपऱ्यांची पुस्तकं

श्रावण शुद्ध १, सोमवार, शके १८६५. लोहारा.

सास्तूरहून सकाळी निघालेली गाडी जेवणवेळेला इथं पोचली. वाटेत एकदाच चाक चिखलात रुतलं, तेही गाडीवानानं हसत हसत काढलं. माझी लेक शिवगंगा पाट्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. सव्वीस वर्षं मी एकाच गावात मुलांना शिकवलं. आता एकोणपन्नासाव्या वर्षी मला इथल्या मुदर्रिसांच्या शाळेच्या कुतुबखान्यावर नेमलं आहे. खेड्यापाड्यांतले मास्तर इथं सहा महिने राहून शिकवायचं कसं ते शिकतात. मी स्वतः असलं काही शिकलो नाही. मठात धुळाक्षरं, पुढं सातवी, बस्स.

कुतुबखाना म्हणजे एक लांब खोली, नऊ कपाटं, आठशे बारा पुस्तकं. विद्यापीठात शिक्षकांना शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी मरताना ती या शाळेला दिली. मुलाला भागाकार का कळत नाही, एवढ्यावर एक अख्खं पुस्तक आहे! मी उभ्या उभ्या वीस पानं वाचली. नामवंत शिक्षकांच्या पाठांची टाचणं बांधून केलेले खंडच साठ आहेत. सव्वीस वर्षांपूर्वी हे माझ्या हाती पडलं असतं तर सास्तूरच्या किती पोरांचे कान वाचले असते.

ही नोकरी मी घेतली ती शिवगंगेसाठी. बाविसाव्या वर्षी कपाळ मोकळं झालं. आता दीर तिची उडकी लावायची, पुन्हा लग्न करून द्यायचं म्हणतो, तीही आपल्या चुलत्याशी, महालिंगप्पाशी. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दोन बायका पुरल्या, तिसरी हवी. अंगणापलीकडं मुलींची शाळा आहे, तिला बाई नाही. भाद्रपदात मोहतमीम साहेब तपासणीला येतील. त्यांच्यासमोर शिवगंगेनं एक पाठ नीट घेतला की जागा तिची. नाही तर दिराची गाडी दसऱ्याला दारात उभी राहील, तसं त्यानं कळवलंच आहे.

संध्याकाळी इष्टलिंगाची पूजा खिडकीजवळ केली. जागा चांगली लाभली. शिवाची दया.

श्रावण शुद्ध ३

कपाटाच्या दाराला आतून एक कागद डकवला आहे. आधी इथं असलेल्या विष्णुपंतांचं अक्षर. ‘पावसाळ्यात रोज दहा पुस्तकं. प्रत्येकाचं प्रत्येक पान हातानं उलटून हवा द्यावी. चुकवू नये.’ दमट हवेत पुस्तकं जपायची ही रीत ठाऊक आहे. आज पहिली दहा काढली आणि किळस आली.

प्रत्येक पानाचा खालचा कोपरा थुंकीनं काळा पडला आहे. नुसता डाग नव्हे; भाकरीचा काठ फुगावा तसा कागद तिथं जाड झाला आहे. तंबाखू, पान, नासकं दूध असा मिसळलेला वास येतो. एका कोपऱ्यात कसर चिकटून मेलेली, तिच्यावर पुन्हा कुणी तरी थुंकीचं बोट टेकवलेलं. मीही आयुष्यभर बोट चाटूनच पानं उलटली, पण आपलं उष्टं आपल्याला दिसत नाही. शेकडो तोंडांचं उष्टं एका ठिकाणी साचलेलं पाहिलं आणि जेवताना घास फिरला.

म्हणून पितळेची वाटी आणली. तिच्यात पाणी, पाण्यात फडकं. बोट त्यावर टेकवायचं. पण पाण्यानं पानं सुटत नाहीत. उलट गच्च बसतात. शेवटी बांबूची कामटी घालून एकेक पान वेगळं केलं. हवा लागली म्हणजे झालं.

शिपाई धोंडीबा दारात तंबाखू मळत बघत होता. म्हणाला, “मास्तर, पुस्तकाला हात लावायला लाजायलाव का? सोयरीक बघायला आलाव जणू!”

श्रावण शुद्ध ८

दुपारी मास्तर मंडळी टाचणं काढायला येतात. त्यांत तेरचा उत्तरेश्वर सगळ्यांत बोलका. वाटी दाखवली तर म्हणाला, “आप्पा, थुकी फुकट मिळती. तिच्यात कशाला कंजूषपणा?” सगळे हसले, मीही हसलो. त्यानं बोट जिभेवर फिरवलं, टेकवलं, आणि पान मऊ लोण्यासारखं सुटलं. मी तेच पान ओल्या फडक्यानं धरलं तर हलेना.

शिवगंगेची तीन दिवसांत चार पुस्तकं वाचून झाली. अंगणातल्या पोरींना गोळा करून तिनं चिंचोक्यांवर भागाकार शिकवला. मी खांबाआडून ऐकत होतो. मला असं कधी जमलं नाही. मुली तिला सोडायला तयार नव्हत्या.

तीही बोट चाटते. सांगून पाहिलं. म्हणाली, “आप्पा, पाण्यानं उघडंनात तर काय करू? परीक्षा काय वाटीला द्यायची हाय?”

श्रावण पौर्णिमा

उत्तरेश्वराचा सरावाचा पाठ होता. उभा राहिला, तोंड उघडलं, आणि जीभ टाळूला चिकटलेली. बोटानं ती सोडवली. घशातून कागद चुरगळल्यासारखा आवाज आला. समोरची पोरं हसली. दोन तांबे पाणी प्यायला, उपयोग नाही. आणखी दोघा मास्तरांचे आवाज बसलेत. वैद्य म्हणतो पडसं. पडशात तोंडाला पाणी सुटायचं थांबतं असं मी ऐकलं नाही.

कामटी चालूच आहे. सव्वाशे पुस्तकं झाली. कोपरे रोज अधिक ओले लागतात. कोरड्या फडक्यानं पुसावं, तर घटकेत पुन्हा ओले.

श्रावण वद्य ३

आज लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

पाठांच्या टाचणांचा सातवा खंड काढला. तिसऱ्या पानापाशी कामटी कशात तरी मऊसर रुतली. वाकून बघितलं. कोपरा कागदाचा राहिला नव्हता. फिकट गुलाबी, जाडसर, वर बारीक बारीक दाणे. वासराला पाजताना बोट त्याच्या तोंडात जातं, तसं काही तरी माझ्या बोटाला लागलं. खरखरीत आणि गरम.

पानानं माझं बोट चाटलं.

हात ओढला तेव्हा बोट आणि पान यांच्यामध्ये लाळेची तार लोंबत होती. तुटेना. धोतराला पुसली. राख लावून तीन वेळा हात घासले, तरी वास जात नाही. पूजेला बसलो, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं, पण त्या उजव्या हातानं भस्म कसं लावू कळेना. भस्म न लावताच पूजा आटोपली. क्षमा असावी.

श्रावण वद्य ४

शिवगंगेचा आवाज बसला.

सकाळी हाक मारली ती निम्मीच ऐकू आली. मी तिला जीभ दाखव म्हटलं. कोरडी, पिवळट, मध्ये घडी पडल्यासारखी रेघ. बापानं मुलीची जीभ अशी बघावी — मी कोपऱ्यात जाऊन ओकलो.

तिनंही ते पान पाहिलं आहे. मला भिववायचं नाही म्हणून बोलली नाही. तपासणीला तीनच आठवडे उरलेत, पुस्तकं सोडली तर पाठ कुठून काढू, म्हणाली. मी कुतुबखान्याला कुलूप घातलं. किल्ली जानव्याला नाही, आमच्यात जानवं नसतं. इष्टलिंगाच्या दोऱ्याशेजारी बांधली.

श्रावण वद्य ५

सातवा खंड चुलीत घातला. पुस्तक जाळायला हात धजावत नव्हता, पण घातला. कोपऱ्याला आंच लागली आणि मागं शिवगंगा किंचाळली. तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. जिभेवर टरटरून फोड.

मी नुसत्या हातानं खंड बाहेर ओढला. जाळून भागणार नाही.

श्रावण वद्य ७

धोंडीबाला खोदून विचारलं. विष्णुपंत गाव सोडून गेलेले नाहीत, तळ्याच्या अंगाला बहिणीकडं असतात. तो मला एवढंच म्हणाला, “त्यांनला बोलता येत न्हाय मास्तर. आमाला वाटलं म्हातारपण.”

भर दुपारी गेलो. साठीचे गृहस्थ, स्वच्छ धोतर, नम्र चेहरा. नमस्कार केला आणि विचारलं. त्यांनी तोंड उघडलं. आत जीभ नव्हती म्हणावी तर होती. जुन्या पोथीचं पान चुरगळून बसवावं तशी. कडेला वाळवीनं खाल्ल्यासारखी भोकं. मला मान वळवावी लागली, याची लाज वाटते.

त्यांनी पाटीवर लिहिलं. मी विचारलं, त्यांनी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. सगळं एवढंच: पुस्तकांना थुंकीची सवय लागली आहे. सांभाळणाऱ्यानं रोज आपल्या जिभेनं बोट ओलं करून पानं उलटली, की ती त्याच्यावर भागवतात. वाचणाऱ्यांना धक्का लागत नाही. सांभाळणाऱ्यानं दिलं नाही, की वाचणाऱ्यांकडून घेतात. त्यांनी अकरा वर्षं दिलं. तोंड आटलं तेव्हा रजा घेतली.

मग त्यांनी लिहिलं, ‘कागदावर लिहून ठेवलं होतं. हातानं म्हणून.’

हातानं! मी वाटी ठेवली. फडकं ठेवलं. कामटी घातली. माझी किळस मी जपली आणि उपाशी पानं माझ्या लेकीवर सोडली.

श्रावण वद्य ८

बसलो. शिवाचं नाव घेतलं, बोट जिभेवर फिरवलं, पहिल्या पानाला टेकवलं.

कोपरा बोटाभोवती वळला. चोखलं. मग तेच बोट पुन्हा तोंडात घालायचं. त्यावर तंबाखू, कुणाचं पान, कुणाचं पडसं, कुणाचं मागल्या जन्मीचं जेवण — सगळं माझ्या जिभेवर उतरलं. चार पुस्तकं झाली. ओकलो. चूळ भरली नाही, पाणी त्यांना चालत नाही. पुन्हा बसलो. दहा झाली.

श्रावण वद्य ११

रोज तीस. कोरडी जीभ वळत नाही म्हणून चिंच चघळतो, तोंडाला पाणी सुटावं. पानांना चिंच आवडते. आधी बोटावर येत, आता मनगटापर्यंत.

शिवगंगेचा फोड बसला. सकाळी तिनं चहा घ्या म्हटलं ते अख्खं ऐकू आलं.

श्रावण अमावास्या

उत्तरेश्वर बोलू लागला. अंगणात कुणाची तरी नक्कल करत होता.

मला विचारलं, आप्पा, तुमचा घसा का बसलाय. शिवगंगेनंही विचारलं. पाटीवर लिहिलं, पडसं. पुढं लिहिलं, पुस्तकांचा पक्का बंदोबस्त केलाय, आता भ्यायचं कारण नाही. तिनं दोनदा वाचलं. खरं सांगा, म्हणाली. मी मान डोलावली. खरं सांगितलं असतं तर तिनं मला उठवलं असतं, आणि तपासणीला दहा दिवस.

पूजेत नाव जिभेवर येत नाही. मनात घेतो. त्याला चालत असावं.

भाद्रपद शुद्ध ४

प्रसादाला चव नाही. गूळ म्हणजे माती.

आरशात जीभ पाहिली. एक कड फाटली आहे. ओढली तर निघेल. ओढली नाही —

भाद्रपद शुद्ध ७

सहाव्या कपाटापाशी आहे. थुंकी नाही. गाल चावला. रक्त चाललं त्यांना. फार चाललं —

आता एकाला दिलं की बाकीची कपाटात हलतात. लपलप आवाज. कुत्री पाणी पितात तसा.

भाद्रपद शुद्ध ९

रक्तही येत नाही. चावलं, सुकं निघालं. तुकडा थुंकला — कागद. त्यावर अक्षर होतं. वाचलं नाही.

उद्या तपासणी. शिवा, एक दिवस. एकच दिवस पुरव.

भाद्रपद शुद्ध १०

झालं. खिडकीतून ऐकला तिचा पाठ. खणखणीत. मुली तिच्यामागं एका सुरात म्हणत होत्या. मोहतमीम साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. जागा तिची. दिराला आजच पत्र जाईल.

मी रडलो, पण डोळेसुद्धा कोरडे —

सकाळपासून एकही पान उलटलं नाही. बोट फिरवतो, काही नाही. कपाटं आतून ढकलतायत. कड्या —

पावलं वाजतायत अंगणात. खूप. लहान.

दार उघडलं. तीस मुली. पुढं शिवगंगा, हसतेय. म्हणते, साहेबांनी हुकूम दिला, आजपासून कुतुबखाना मुलींनाही मोकळा. आप्पा, पहिल्यांदा तुमालाच दाखवायला आणल्या बघा.

कपाटं उघडली तिनं. मी हात हलवतोय. तिला वाटतंय आशीर्वाद देतोय. तोंड उघडलं, आवाज —

पाटी सापडत नाही. इथंच मोठ्या अक्षरात लिहितो. तिच्यासमोर धरतो.

शिवगंगा, वाच. मुलींना बाहेर काढ. मी खोटं सांगितलं. बंदोबस्त झालेला नाही. माझं सगळं संपलं, ती उपाशी आहेत. पुस्तकं काढून घे. कोपऱ्याला हात लावू देऊ नको. खिडकीपाशी बघ, ती चिमुरडी, तिनं पुस्तक उघडलंय, तिनं बोट तोंडात —