रिकामं काडतूस

प्रिय नेल्स,

परवा तुझा फोन आला तेव्हा “रायफलची चाचणी चाललीय” एवढंच सांगून मी ठेवून दिला. तू हसलास, “दादा, हरणं म्हातारी होऊन मरतील, पण तुझी चाचणी संपायची नाही!” तेव्हा चिडलो होतो. आता सविस्तर लिहितो.

बाबांची तीच बोल्टवाली रायफल. यंदा तिच्या गोळ्या पांगायला लागल्या. निशाणाच्या कागदावर मारलेल्या तीन गोळ्यांची भोकं कॉफीच्या डब्याच्या झाकणाखाली झाकली गेली नाहीत, तर त्या वर्षी जंगलात पाऊल टाकायचं नाही, हा बाबांचा नियम तुला सांगायला नको. त्यापायी तू शिकारीचा एक अख्खा मोसम घरी भांडी घासलीस. आधी मी माझीच, हातानं भरलेली काडतुसं तपासली. हे काम मला कुणी शिकवलं नाही, पुस्तकं वाचून शिकलो, पण दारूचा कण इकडचा तिकडे होऊ देत नाही. त्यांच्याही गोळ्या पांगल्या. मग विकतची आणली, आधी जड गोळीची, मग हलक्या गोळीची, मग तांब्याच्या गोळीची. दर वेळी नळी साफ करून, दोन बारांच्या मध्ये ती हाताला गार लागेपर्यंत थांबून. दुर्बिणीचे स्क्रू काढून पुन्हा बसवले. लाकडी दस्ता ओलीनं फुगला असेल म्हणून तोही सोडवला. वाऱ्याला दोष दिला, कारखान्यांना तर शिव्याच.

नेमबाजीच्या मैदानावर मार्लिस असायचीच. आपल्या शेजारच्या ओर्व्हिलची बायको. तो गेल्यापासून एकटीच येते. थर्मासमधली कॉफी ओतत म्हणायची, “आयनार, मुली बघाव्यात तशी काडतुसं बघतोयस. याच चोखंदळपणापायी बिनलग्नाचा राहिलास!” शनिवारी म्हणाली, “सरक जरा, आज मी भरून देते.” मी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. नुसतं टक्. तिनं बिनदारूचं, रिकामं काडतूस भरलं होतं.

हीच युक्ती मी तुझ्यावर केली होती, आठवतं? बार उडणार या धास्तीनं तुझी नळी एकदम खाली झुकली आणि मी तुला आठवडाभर पिडलं. माझी झुकली नाही, नेल्स. ती थरथरत होती. टक् झाल्यावरसुद्धा. मार्लिस हसली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “ओर्व्हिलचंही उजव्या हातापासूनच सुरू झालं होतं रे.” मग माझ्या जागी बसून, त्याच रायफलनं, दुकानातल्या सगळ्यात स्वस्त काडतुसांनी तिनं तीन बार काढले. तिन्ही भोकं झाकणाखाली गेली, वर जागाही उरली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय. इथं लिहीत नाही, तू शोधत बसशील. औषध आहे, बरं होणं नाही. पत्र टाइप केलंय तेही त्यामुळेच. माझं अक्षर तुला ओळखू आलं नसतं.

नियम तो नियम. यंदा भांडी मी घासेन. रायफल उत्तम आहे, एकाही काडतुसात खोट नव्हती. इथं तळ्याच्या कडा गोठू लागल्यात, आईला हिवाळ्यात हरणाचं मांस लागतं, आणि बाबांच्या मचाणावर आपल्यापैकी कुणीतरी बसायला हवं. तुझ्या त्या ॲरिझोनाच्या उन्हातून मोसमाआधी निघून ये. पण आधी झाकण, मग जंगल. काडतुसं मार्लिस भरून देईल, मी मागे उभा राहीन. एखादं रिकामं निघालं, तर तिला तसं मीच सांगितलंय असं समज.

तुझाच,
आयनारदादा