एसेताच्या दारावरचं लाल फडकं

३ जुलै, सोमवार
फाडलं! माझ्या डोळ्यांदेखत एसेतानं फाडलं फडकं, आणि वर त्यानंच चूल पुसली!
चाळीस घरांचं गाव. ज्या घरात पोराचा डोस राहिलाय त्यानं दारावर लाल फडकं बांधायचं, म्हणजे शुक्रवारी नर्सबाई आली की तिला शोधत बसायला नको. महिला मंडळाचा ठराव आहे, अध्यक्षीण मी. अकरा घरांनी निमूट बांधलं. एकटी एसेता नाही. माझ्या भावाची बायको ना ती, तिला कसले नियम! शेवटी मीच बांधलं, माझी जुनी लाल लुंगी फाडून. रस्त्यातून ओरडले, "नवरा गेला म्हणून पोरीकडेही बघायचं नाही का गं? गोवराच्या वर्षी पोरांच्या किती शवपेट्या पुरल्या आपण, विसरलीस?"
गाव ऐकत होतं. मला बरंच वाटत होतं.
ती म्हणाली, "वन्सं, गेल्या वर्षीचं जरा आठवा." मी म्हटलं, कारणं नकोत.
आठवायचं काय त्यात?

४ जुलै
एसेता सकाळच्या बसनं माहेरी गेली. पोरीला, वाइओलाला, घेऊन.
जाऊ दे!

४ जुलै, दुपार
जाऊ दे कसं? नर्सबाईची गाडी शुक्रवारी येणार आणि पोर तिकडे. अडीच वर्षांची झाली, गोवराचा दुसरा डोस नाही. आणि पळवून कोणी लावली? मी. अध्यक्षीणबाईंनी.

७ जुलै, शुक्रवार
लिहायची लाज वाटते. पण ही वही कुणी वाचत नाही, वाचली तर हात तोडीन.
गाडी आली. नर्स मागच्या वर्षीचीच, लागी. अकरा घरांतली पोरं रडली, टोचून झाली. मी हातात यादी घेऊन पुढे. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एक घर राहिलं. आमच्याच घरातलं! आईला फिकीर नाही."
लागीनं जुनी वही उघडली. "एसेता? तिनं तर मागच्या वर्षी दोनदा फोन करून आम्हाला बोलावलं होतं. कोरोनाच्या साथीमुळे गाव बंद होतं, तरी आम्ही आलो. वेशीवर एका बाईनं शिट्टी फुंकली. हातात नारळ सोलायची सळई. म्हणाली, बाहेरचा माणूस आत येणार नाही, राजा आला तरी नाही. लस सांगितली, तर म्हणे लशीत रोग असला तर? आम्ही परत गेलो. मग तिचा नवरा आजारी पडला, राहूनच गेलं."
"कोण गं ती बाई?" कुणीतरी विचारलं.
"काय माहीत. तोंडाला मास्क होता."
शिट्टी माझ्या गळ्यात होती. तेव्हापासून काढलीच नाही, मान वाटतो म्हणून. सगळं गाव शिट्टीकडे बघत होतं. हसलं कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
एसेताचं धरून बारा घरांचे डोस माझ्यामुळेच राहिले होते. आणि फडकी बांधायला लावणारीही मीच.

८ जुलै
शिट्टी चुलीत टाकली. प्लास्टिकची निघाली. दिवसभर घराला वास.

१० जुलै, सोमवार
आईनं दिलेली बारीक विणीची चटई काढली. माझ्या मयतासाठी ठेवलेली. पहिल्या बसनं एसेताच्या माहेरी गेले.
आमच्याकडे मोठा गुन्हा झाला की गुन्हेगाराचं सगळं कुटुंब येतं, मुखिया येतो, समोरच्याच्या अंगणात डोक्यावर चटई घेऊन बसतात. समोरच्यानं चटई उचलली तर माफी. माझ्याबरोबर कोण येणार? मी एकटीच बसले, पोत्यासारखी. गुडघे दहा मिनिटांत गेले. चटईला डांबरगोळ्यांचा वास. शिंका आल्या चार. एसेताची आई माझ्याभोवतीनं झाडून गेली, जसं काही मी दगड. एक कोंबडी पाठीवर चढली. उतरेना.
शेवटी चटई हलली. बघते तर वाइओला आत! "आत्या, लपलीस?"
मी रडायला लागले. ती म्हणाली, "शूऽऽ, सापडशील."
मग एसेताचा आवाज. "पोरीनं उचलली. मी नाही उचललेली." मग कप पुढे सरकवून म्हणाली, "कोको घ्या, गार होतोय."
मी म्हटलं, "गाडी मी परत पाठवली होती."
"मला तेव्हाच माहीत होतं. शिट्टी ऐकली की घरातून."
"मग बोलली का नाहीस भवाने, इतके दिवस?"
"तुम्ही बोलू देता?"
आणि मग सांगितलं — परवाच इथल्या दवाखान्यात नेऊन टोचून आणलं पोरीला! दोन मांड्या, दोन सुया, त्यातली एक गोवराची. मी अंगणात दोन तास बसून झाल्यावर सांगितलं!

१२ जुलै, बुधवार
एसेता आली. उंबऱ्यातच उभी. म्हणाली, "न्यूझीलंडला सफरचंदाच्या बागेत काम मिळालंय, सात महिने. वाइओलाला तुमच्याकडे ठेवायचंय. दुसऱ्या लशीचा राहिलेला डोस ऑगस्टात आहे, तो तुम्हीच टोचून आणायचा. शुक्रवारपर्यंत सांगा. आणि ओरडून नको."