बाबांची अक्षरं

दारव्हा, मंगळवार, संध्याकाळ

बाबा पाट्या रंगवायचे. आता हात थरथरतो, म्हणून त्यांची अक्षरं मी कॉम्प्युटरवर उतरवली आणि यवतमाळच्या एका कापड दुकानाच्या जाहिरातीत वापरली. मूळ फाइलही दुकानाची, असं करारात होतं. मी न वाचताच सही केली. का?

आज पुसदच्या शाळेनं त्यांच्या पाटीसाठी तीच अक्षरं मागितली. मी दुकानमालकाला विचारलं, तर म्हणाला, "सही तुमचीच हाय न, ताई? फाइल मिटवून टाका."

मिटवली. का वाचलं नाही मी?

बाबांना सांगताना रडूच फुटलं. त्यांनी पेन्सिल घेऊन कसाबसा एक वाकडा 'क' काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हा तं नाही न त्याच्या करारात?"